पन्नीरसेल्वम : निष्ठावंत की नुसते खुर्चीचे राखणदार?

तिरपागडे : ओ. पन्नीरसेल्वम तीनदा तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले आणि एकदाही स्वतःच्या नावावर नाही. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने अण्णा द्रमुकच्या नेत्या जयललितांची, म्हणजे 'अम्मां'ची, मुख्यमंत्रिपदाची नेमणूक रद्द केली, तेव्हा पहिल्यांदाच आमदार झालेला हा पेरियाकुलमचा माणूस गादीवर आला. मार्च २००२ मध्ये अम्मांसाठी पायउतार. २०१४ मध्ये अम्मांना बंगळुरूच्या कोर्टाने शिक्षा दिली, की पुन्हा हेच. शपथ घेताना ढसाढसा रडले, विधानसभेत अम्मांच्या आसनावर बसायचं टाळलं. लोक याला निष्ठा म्हणतात. मला यात पदाचा अपमान दिसतो. घटनेत 'हंगामी मुख्यमंत्री' असं काही नाहीच. शपथ घेतलीत की पूर्ण जबाबदारी तुमची.

काठावरचा : घटना तोंडपाठ असून काय उपयोग? मतं अम्मांच्या चेहऱ्यावर मिळाली होती. आमदार त्यांचे, पक्ष त्यांचा. भरताने पादुका ठेवून राज्य केलं तर कौतुक, आणि यांनी केलं की लाचारी?

तिरपागडे : भरताला राम परत येणार हे माहीत होतं. डिसेंबर २०१६ मध्ये अम्मा गेल्या. मग पादुका कुणाच्या?

सहज_सुचलं : अम्मा गेल्यावरची तिसरी खेप विसरू नका हो. जानेवारी २०१७ मध्ये जल्लीकट्टूवरची (बैलांना काबूत आणायचा खेळ) बंदी उठवावी म्हणून मरीना किनाऱ्यावर पोरं ठाण मांडून बसली, तेव्हा हे दिल्लीला जाऊन पंतप्रधानांना भेटले आणि दोन दिवसांत खेळाला परवानगी देणारा अध्यादेश निघाला. (शेवटच्या दिवशी पोलिसांनी पोरांवर केलेला लाठीमार मात्र त्यांच्याच खात्यावर.) माणसाला काम येत होतं, करायची मुभा नव्हती.

काठावरचा : आणि मुभा मिळाल्यावर? ५ फेब्रुवारीला अम्मांच्या निकटवर्ती शशिकलांना मुख्यमंत्री करण्यासाठी राजीनामा दिला, ७ला अम्मांच्या समाधीपुढे डोळे मिटून बसले आणि उठून म्हणाले, जबरदस्तीने लिहून घेतला. सहीआधी का नाही बोलले? शशिकलांच्या गटाचे पळनीस्वामी मुख्यमंत्री झाले, त्यांच्या विश्वासदर्शक ठरावात बाजूने १२२, विरुद्ध ११. ते बंड कसलं, उशिरा सुचलेलं शहाणपण!

तिरपागडे : म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूला आलात की.

काठावरचा : अजिबात नाही. अम्मा असेपर्यंत ते बरोबर होते, नंतर चुकले. बिहारात जीतनराम मांझींनी २०१४ला नीतीशकुमारांची जागा सांभाळली, नऊ महिन्यांत उलटले, वेगळा पक्ष काढला आणि आज केंद्रात मंत्री आहेत. हेमंत सोरेन तुरुंगात असताना झारखंडची खुर्ची सांभाळणारे चंपई सोरेन, हेमंत सुटताच, पाचच महिन्यांच्या कारकिर्दीनंतर उतरले, रुसले आणि भाजपात गेले. उलटायचंच तर वेळेवर उलटावं.

सहज_सुचलं : मांझींनाही बहुमत कुठे जमलं? ठरावाआधीच राजीनामा दिला. राखणदार नेमताना मुळी असाच माणूस शोधतात, ज्याच्यामागे दहा आमदार उभे राहणार नाहीत. त्यालाच नंतर 'जनाधार नाही' म्हणून हिणवायचं.

तिरपागडे : पटलं, पण अर्धंच. पुढे पळनीस्वामींशी जुळवून घेऊन जवळपास चार वर्षं पन्नीरसेल्वम उपमुख्यमंत्री होते ना? तेवढ्यात पक्ष पळनीस्वामींनी बांधला. जुलै २०२२ मध्ये त्यांनीच यांची हकालपट्टी केली. २०२४ला रामनाथपुरममधून अपक्ष, चिन्ह फणस, तरी दुसरे आले. एवढी मतं होती तर २०१७ला कुणाची वाट बघत होते?