नमुना आणलाय का? : गावच्या हार्डवेअर दुकानांचे अनुभव

बार्शीकर (धागा यांचाच)

बार्शीच्या घराची आवराआवर चालू आहे. स्वयंपाकघरातल्या फडताळाचं एक दार गेल्या दिवाळीपासून एका बिजागरीवर लटकतंय. खालची बिजागरी पितळेची, तिची मधली सळईच झिजून तुटलीय. परवा ती काढून खिशात टाकली आणि पाय आपोआप बोहऱ्याच्या दुकानाकडं वळले. तिथं आता मोबाइलची कव्हरं लटकतात. चार वर्षं झाली म्हणे.

आमच्याकडं 'हार्डवेअर' कुणी म्हणायचंच नाही. 'बोहऱ्याकडं जा' म्हटलं की झालं. फळीच्या मागं चाचा, डोक्यावर सोनेरी काठाची पांढरी टोपी. त्यांच्या मागं छतापर्यंत लाकडी खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडाला आतल्या मालाचा एक नग तारेनं बांधलेला. कोयंडा, खिटी, हुक, कडी. आत शिरलं की सुतळी, ग्रीस आणि अळशीच्या तेलाचा एकत्र वास.

सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी नळाचा वायसर आणायला पाठवलं होतं.

"नमुना आणलाय का?"

नव्हता.

"कुठला नळ? न्हाणीतला का अंगणातला?"

"अंगणातला."

"तो तर तुझ्या बापानं होळीला नेलाय. इतक्यात गेला म्हणजे नळ पिळून बंद करताय. घरी सांग, हलक्या हातानं."

चामड्याचा वायसर पुडीत बांधून दिला आणि वर पैसे वहीत मांडले. घरचा कुठला नळ कधी गळला हे आम्हाला आठवत नसायचं, चाचांना आठवायचं. मोहरमात दुकान आठ-नऊ दिवस बंद असायचं. त्या दिवसांत काही तुटलं की सुतळीनं बांधून ठेवायचं आणि वाट बघायची.

तुमच्या गावचं दुकान कसं होतं, किंवा आहे? लिहा. जुनी पितळी बिजागरी कुठं मिळेल हे माहीत असेल तर तेही लिहा.

सावित्रीची लेक

पुण्यात बोहरी आळीत बघा, रविवार पेठेत. मिळेल. पण रविवारी जाऊ नका, अनुभवाचे बोल आहेत.

माझा किस्सा छोटा आहे. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होते, घरचं पाइपाचं काम निघालं. तालुक्याच्या दुकानात जाऊन म्हटलं, "अर्ध्या इंचाचा एक सॉकेट द्या." पोऱ्या म्हणाला, "मेल का फिमेल?" आणि स्वतःच लाजून शेठकडं बघायला लागला. शेठनी मान वर न करता सांगितलं, "अरे, आटे बाहेरून का आतून, असं विचार ना." तेव्हापासून मी साइटवर तसंच विचारते.

इस्लामपूर ते एडिसन

आजोबा सुतार. त्यांचं सगळं जग सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. मी मेट्रिकमध्ये वाढलो, सूत म्हणजे आजोबांचं खूळ वाटायचं.

नोकरीनिमित्त न्यू जर्सीत आलो, घर घेतलं आणि पान्यांचा एक सेट विकत आणला. त्यावर आकडे 5/16, 3/8, 7/16. इथं जन्मलेला शेजारी कुठला मोठा, कुठला लहान म्हणून बोटानं चाचपून बघत होता. माझ्या डोक्यात आजोबा बोलले: अडीच सूत, तीन सूत, साडेतीन सूत. एका झटक्यात ओळीनं लावले. शेजाऱ्याला वाटलं मी इंजिनियर आहे. (आहे, पण सॉफ्टवेअरचा.)

आपल्याकडं दशमान मापांचा कायदा 1956 सालचा. तरी आजही प्लायवूड लांबी-रुंदीला फुटात आणि जाडीला एमएममध्ये विकतात: 8 बाय 4 चं, 19 एमएम. वाळू ब्रासनं, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापानं. बिलावर 12 एमएमची सळई, मिस्त्रीच्या तोंडी चार सुती. आणि कुणाचंही काही अडत नाही.

चिपळूणकर

हे लिहू की नको असं तीन वेळा झालं.

दुकान आमचंच, बाजारपेठेत. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आत आली तेव्हा आम्ही वरच्या माळ्यावर होतो. पाणी ओसरल्यावर शटर उघडायलाच अर्धा दिवस गेला, कारण आतून सगळा माल शटरवर येऊन टेकला होता.

सिमेंटची पोती तर दगडच. पोत्याच्या घड्यांसकट घट्ट झालेली, उशांसारखी. खिळ्यांच्या गोण्या बाहेरून ठीक दिसत होत्या म्हणून पप्पांनी आशेनं एक फाडली. चार दिवसांत आतला माल एकमेकांना धरून बसला होता, हातोडी मारल्यावर ढेकूळच्या ढेकूळ निघायची. बेअरिंग, ड्रिल मशिनं, मोटारी, सगळं चिखलात.

रंगाचे डबे मात्र तरंगले होते. झाकण घट्ट, आतला रंग चांगला. पण वरचे कागद धुऊन गेलेले. कुठल्या डब्यात काय आहे, पत्ता नाही! काकांनी प्रत्येक डब्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटून, बोट बुडवून त्याच रंगाचा ठिपका झाकणावर लावला. तीन दिवस तेच काम. मग मिळेल त्या भावात काढले. खेर्डीच्या बाजूला एक घर आहे, त्याच्या तीन भिंती तीन रंगांच्या आहेत. कधी तिथून गेलो की पप्पा गाडी हळू करतात.

त्या आठवड्यात गावाला काय हवं होतं? फावडी, घमेली, खराटे. आमच्याकडं फावड्यांचे दांडे फुगले होते, पाती ठीक होती. धुतली आणि फळीवर मांडून ठेवली, ज्याला लागेल त्यानं न्यावीत. कुणी लिहून घेतलं नाही. गणपतीनंतर निम्मी परत आली, काही नवे दांडे बसवून.

विम्याचं काय झालं ते इथं नको. रक्तदाब वाढतो.

सावित्रीची लेक

ठिपक्यांचं वाचून थांबलेच. फोटो आहे का त्या घराचा?

चिपळूणकर

आहे, पण घर दुसऱ्याचं. राहू दे.

निवृत्त मास्तर, परभणी

तुम्हा मुलांना सिमेंट म्हणजे फोन केला की टेम्पो दारात. आम्ही घर बांधलं 1979 साली. सिमेंट परमिटवर. तहसिलीत अर्ज, घराचा नकाशा, मग खेटे. चाळीस पोती मागितली, पंधरा मंजूर झाली. दुकानदार परमिट बघून म्हणाला, "मास्तर, पंधरात स्लॅब होणार नाही. भिंती मातीत उचला, दरजा, म्हणजे मधल्या फटी, तेवढ्या सिमेंटनं भरा, वर पत्रे टाका." त्यानं कागदावर हिशेब मांडून दिला, पोतं न् पोतं. इंजिनियर म्हणा, दुकानदार म्हणा, तोच. पत्रा कुठला घ्यायचा हेही त्यानंच शिकवलं: गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, स्वस्ताला भुलू नका.

फेब्रुवारी 1982 मध्ये नियंत्रण थोडं सैल झालं, पूर्ण उठलं 1989 मध्ये. तोवर आमचे पत्रे गळायला लागले होते. मातीच्या भिंती अजून उभ्या आहेत.

पूर्वाश्रमीची वाईकर

दिवाळीआधीची चुन्याची कळी! कुणीच कसं लिहिलं नाही? दुकानातून गोणपाटात बांधून आणायची, जुन्या पिंपात टाकायची आणि पाणी ओतलं की लांब पळायचं. पिंप खदखदायचं, वाफा निघायच्या. आम्हा पोरांना दहा हातांवर उभं करायचे. दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर त्यात डिंकाचं पाणी, म्हणजे अंगाला पांढरं लागत नाही, आणि चिमटीभर नीळ. नीळ जास्त झाली तर पुढच्या दिवाळीपर्यंत घर इस्पितळासारखं. आमच्याकडं दोनदा झालं, दोन्ही वेळा दादानं.

विटा, गल्ल्यावरून

गिऱ्हाईक नाही तोवर लिहितो. दुकान तिसऱ्या पिढीचं, आम्ही बोहरी नाही, पण माल बोहऱ्यांकडूनच यायचा.

वाचायला गोड वाटतंय सगळं. पण ते खण आता मला कसे दिसतात ते सांगतो. दोन भिंती भरून लोखंडी फिटिंग पडलंय: एल्बो, टी, युनियन, निपल. आज्ज्यानं गोळा केलेलं. आता सगळं प्लॅस्टिकच्या पाइपात जातं, सोल्यूशन लावलं की जोड तयार. पूर्वी दुकानापुढं शिकंजा होता, पाइप धरून तेल सोडत आटे पाडायचे, मग सफेदा आणि ताग गुंडाळून जोड आवळायचा. ते काम येणारा आमचा माणूस आता ठिबकच्या नळ्या मोजून देतो. भंगारवाला दर महिन्याला विचारून जातो. वडील देऊ देत नाहीत.

रंगाचंही तसंच. आधी वीस-पंचवीस छटा ठेवल्या की वर्ष निघायचं. आता मशिन आहे, हजारो छटा, आणि लोक येऊन म्हणतात, "क्रीम द्या." तरी नवरा-बायकोचं भांडण माझ्या दुकानातच होतं. रंगाऱ्याला डब्यातल्या टोकनात (त्याचे पैसे त्याला मिळतात) रस, मालकाला भावात, बाईंना कार्डावरच्या छटेत. मी मध्ये.

आणि उधारी. त्या वह्यांच्या आठवणी सगळ्यांना गोड. वही माझ्याकडं आहे, म्हणून मला नाही. तीन मजली बंगला उभा राहिला, वास्तुशांतीचं जेवण मी जेवून आलो, सळईचे पैसे अजून यायचेत.

दोन स्क्रू लागले की माणूस माझ्याकडं येतो, ड्रिल मशिन मात्र ऑनलाइन. मग बिट बसत नाही म्हणून ते मशिन घेऊन परत माझ्याकडंच. दाखवतो बसवून. काय करणार, समोर उभा असतो.

खंडेनवमीला मात्र त्या शिकंजाला अजून झेंडूचा हार पडतो. वडील स्वतः घालतात, त्या दिवशी माझं कोण ऐकतंय.

बार्शीकर, तुमची बिजागरी. आज्ज्याच्या एका खणात पितळी पडल्यात, जड, जुन्या घडणीच्या. गिऱ्हाईक नाही. फोटो टाका, आणि माप टाका. नमुना आणला असता तर बरं झालं असतं.

बार्शीकर

फोटो टाकलाय. पट्टीनं मोजली: दोन इंच आणि चार सूत.

विटा, गल्ल्यावरून

मग अडीच म्हणा की. आहेत, तीन नग. स्क्रूची भोकं किती?