‘आपला जिल्हा’ फेरी आणि ‘पहिला कोण’वाले प्रश्न: अठरा दिवसांत तयारी कशी करू?

धोटा

नमस्कार. मी एस.वाय. बीएस्सीला आहे. घर सोलापुरात, अशोक चौकाच्या पुढे, पूर्व भागात. येत्या बावीस तारखेला आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषा आहे, तिघांची टीम. एकाचं क्रिकेट आणि सिनेमा पक्कं, दुसऱ्याच्या चालू घडामोडी. इतिहास, भूगोल आणि ‘आपला जिल्हा’ ही खास फेरी माझ्याकडे आलीय.

गेल्या वर्षी उपांत्य फेरीत आम्ही पाच गुणांनी गेलो. शेवटचा बझर मीच दाबला होता. प्रश्न होता, ‘ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिलं?’ मी खाशाबा जाधव म्हणाले. चूक, म्हणून गुण वजा. शेजारच्या टीमने नॉर्मन प्रिचर्ड सांगितलं आणि गुण घेतले. घरी येऊन गाइड उघडलं, तर त्यात ठळक अक्षरांत खाशाबा जाधवच. ते पान अजून दुमडलेलं आहे. त्या दिवसापासून ‘पहिला’ हा शब्द आला की माझा हात बझरवर जातच नाही.

दुसरी अडचण पाठांतराची. आई संध्याकाळी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसते. मी समोर बसून मोठ्याने वाचते, म्हणजे तिलाही सोबत होते. आईला मराठी कळतं, पण बोलते तेलुगूत. प्रत्येक वाक्यावर तिचा एकच प्रश्न, ‘एंदुकु?’ म्हणजे ‘का?’ मी वाचलं, डॉ. कोटणीस चीनला गेले. ‘एंदुकु?’ मी वाचलं, बार्शी लाईट रेल्वे अरुंद रुळांची होती. ‘एंदुकु?’ मला सांगता येत नाही. पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधून होतो तरी माझं पान उलटत नाही. मैत्रीण म्हणते, ‘लई टाइम घालवलालीस बे, खोलीत एकटी बसून पाठ कर.’

असं करू का? आणि दोन पुस्तकांत दोन उत्तरं असतील तर खरं कुठलं धरायचं? कोणी अशा स्पर्धा खेळलं असेल किंवा घेतल्या असतील तर कृपया सांगा.

कडक_भाकरी

अगं, मी पण सोलापूरचीच, आता नोकरीमुळे पुण्यात. कॉलेजात तीन वर्षं खेळले. सर्वांत आधी तुझं गाइड कुठल्या सालचं आहे ते बघ. दोन-तीन वर्षं जुनं असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवू नको. अभिजात भाषा किती? जुन्या पुस्तकात सहा लिहिलेलं सापडेल. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली आल्या, आता अकरा. तुझ्या घरची तेलुगू आणि अर्ध्या सोलापूरची कन्नड यांना तो दर्जा २००८ लाच मिळालाय, हे ‘आपला जिल्हा’मध्ये फिरवून विचारू शकतात. शेजारच्या जिल्ह्यांची बदललेली नावंही बघून घे, धाराशिव आणि अहिल्यानगर. आपलं विद्यापीठ २००४ चं, पण पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव त्याला २०१९ मध्ये मिळालं. ही दोन सालं वेगवेगळी लक्षात ठेव.

आणखी एक. माळढोक म्हटलं की आपल्याकडच्या मुलांचा हात लगेच बझरवर जातो, कारण नान्नजचं माळढोक अभयारण्य आपलं. पण ‘महाराष्ट्राचा राज्यपक्षी’ विचारलं तर उत्तर हरियाल. माळढोक हा राजस्थानचा राज्यपक्षी. यात मी स्वतः गुण घालवलेत. वजा गुण असतील तर प्रश्न पूर्ण ऐकल्याशिवाय दाबायचं नाही, हे तिघांनी आधीच ठरवून टाका.

खडू_फळा

बाळ, मी शाळेत इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे. वीसेक वर्षं अशा स्पर्धांचे प्रश्न काढलेत, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो.

तू चुकली नव्हतीस. चुकला होता तो प्रश्न. नॉर्मन प्रिचर्ड जन्माने कलकत्त्याचा. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा शर्यत यांत दोन रौप्यपदकं मिळवली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ती भारताच्या नावावर धरते, पण अॅथलेटिक्सची जागतिक संघटना त्याला ब्रिटनचा खेळाडू मानते. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट फ्रीस्टाइल कुस्तीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. ‘स्वतंत्र’ हा एक शब्द प्रश्नात असता तर गुण तुझे होते. तो नव्हता, तेव्हा हात वर करून नम्रपणे विचारायचं, ‘सर, स्वातंत्र्यानंतरचं की एकूण?’ चांगला क्विझ मास्टर याचा राग मानत नाही.

हे मी एका मुलाकडून शिकलो. मी प्रश्न काढला होता, ‘भारतातली पहिली रेल्वे कधी आणि कुठे धावली?’ माझ्या कागदावर उत्तर होतं १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. एका डिप्लोमाच्या मुलाने सांगितलं, १८३७, मद्रासजवळची रेड हिल रेल्वे. मी ‘चूक’ म्हणालो आणि पुढे गेलो. जेवणाच्या सुट्टीत तो पुस्तक घेऊन आला. ती दगड वाहून नेणारी रेल्वे खरंच होती. १८५१ मध्ये रुरकीजवळ कालव्याच्या कामासाठी वाफेचं इंजिनही धावलं होतं. माझ्या प्रश्नात ‘प्रवासी’ हा शब्द नव्हता. दुपारी मी व्यासपीठावरून तसं सांगितलं आणि त्याचे गुण परत दिले, पण तोवर त्याच्या टीमचा धीर सुटला होता. ते मला आजही लागून राहिलंय.

त्या दिवसापासून मी कार्डं करतो. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापायचे, पत्त्याच्या पानाएवढे. पुढे प्रश्न निळ्या शाईने, मागे उत्तर, आणि उत्तराखाली लाल शाईने ‘अट’. पहिली भारतीय महिला डॉक्टर: आनंदीबाई जोशी. अट: १८८६ ला पेनसिल्व्हेनियातून पदवी, पण १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, व्यवसाय करायला आयुष्यच मिळालं नाही. त्याच १८८६ मध्ये कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे व्यवसाय केला. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री: यशवंतराव चव्हाण. अट: १ मे १९६० नंतरचं राज्य. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई राज्याचं विचारलं तर बाळासाहेब खेर. लाल शाईचा मजकूर पाठ झाला की निळा आपोआप होतो.

आता तुझ्या आईबद्दल. मैत्रिणीचं ऐकून खोलीत जाऊन बसू नकोस. पैसे खर्चूनही असा प्रश्न विचारणारा माणूस मिळत नाही. ‘एंदुकु’चं उत्तर देता आलं की ती गोष्ट तुझी झाली, मग ती कुठल्याही बाजूने फिरवून विचारू देत.

कोटणीस घे. १९३७ ला जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चीनच्या सैन्याकडे जखमींसाठी डॉक्टर कमी, म्हणून तिकडून नेहरूंकडे मदत मागण्यात आली. १९३८ ला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. नेतृत्व डॉ. अटल यांचं, कोटणीसांचं नाही. हा नेहमीचा सापळा आहे. चौघे परत आले. आपले द्वारकानाथ तिथेच राहिले, रुग्णालयाचे प्रमुख झाले, परिचारिका असलेल्या ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिन्हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा वय अवघं ३२. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. हे सगळं तू आईला सांगितलंस तर बघ, ती मुलाच्या नावापाशी थांबेल. तुझंही ते तिथेच पक्कं होईल. भय्या चौकाजवळ त्यांचं स्मारक आहे, एकदा जाऊन ये.

दुसरं नाव वालचंद हिराचंद, जन्म १८८२, आपल्याच गावात. राष्ट्रीय सागरी दिन ५ एप्रिलला का असतो? त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून इंग्लंडकडे निघाली म्हणून. ज्या गावात समुद्र नाही तिथल्या माणसाने बोटी काढल्या! १९४० मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखानाही त्यांनीच उभारायला घेतला. आणि या माणसाची ठेकेदारीची सुरुवात झाली बार्शी लाईटच्या कामापासून. तू रुळांबद्दल लिहिलंस म्हणून आठवलं. त्याचं नीट उत्तर इथलं कोणी रेल्वेतलं माणूस देईल तर बरं.

चार हुतात्म्यांची नावं मात्र पुतळ्यांसमोर उभं राहून म्हण: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, गाव पेटून उठलं, सरकारने इथे मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. मुलं तीन नावं सांगतात आणि चौथ्याला अडखळतात, दरवर्षी. मला ते बघवत नाही. हा प्रश्न तुमच्या टीमकडून पास व्हायला नको.

धोटा

सर, मनापासून आभार. काल रात्री जुन्या प्रॅक्टिकल वहीचे पुठ्ठे कापले, चाळीस कार्डं झाली. पहिलं प्रिचर्डचं केलं, आणि गाइडचं ते दुमडलेलं पान सरळ केलं.

आईला यिन्हुआची गोष्ट सांगितली. तिने हातातलं पान सुपात ठेवलं आणि विचारलं, त्या बाईचं पुढे काय झालं? मुलाला घेऊन एकटी राहिली का? मला ते माहीत नव्हतं. शोधून सांगते म्हटलं. तिला पाच डॉक्टर, १९३८ आणि ‘चौघे परत आले’ हे आज सकाळीही आठवत होतं. मी विचारलंसुद्धा नव्हतं, पाणी भरताना तिनेच सांगितलं.

रुळांचं मात्र राहिलंच आहे. दोन रुळांमधल्या अंतराचा ७६२ मिलिमीटर हा आकडा पाठ आहे. ७६२च का, मीटर गेज का नाही, हे कोणी सांगेल का?

कुर्डुवाडीकर

मी सांगतो ताई. वडील रेल्वेत होते, त्यामुळे हे घरातच ऐकलेलं आहे.

मोठी रेल्वे कुर्डुवाडीवरून जायची, बार्शी बाजूला राहिली होती. बार्शी मोठी बाजारपेठ, तिथला माल स्टेशनपर्यंत बैलगाडीने यायचा. म्हणून तर कुर्डुवाडी स्टेशनचं जुनं नाव ‘बार्शी रोड’. हा फाटा टाकायचं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने मनावर घेतलं. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. रूळ जितके रुंद तितका भराव रुंद, पूल रुंद, वळण मोठं, आणि जमीनही जास्त लागते. एवढ्या छोट्या मार्गाला तो खर्च झेपला नसता. मीटर गेजही त्याला जड वाटत होतं. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, हे त्याने धरलं. पण त्याची खरी हुशारी वजनात आहे. इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), चाकांच्या कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा नियम. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की हलका रूळ पुरतो, आणि त्याच हलक्या रुळावरून भरपूर माल ओढता येतो. डबे हिंदुस्थानात आणण्याआधी त्याने इंग्लंडमध्ये लीड्सजवळ रूळ टाकून चालवून दाखवले होते. १८९७ ला लाईन सुरू झाली. पुढे ती एका बाजूला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला लातूरपर्यंत गेली. आषाढीला वारकरी तिच्यातूनच यायचे.

याच कॅलथ्रॉपवर एक अवघड प्रश्न निघू शकतो. त्याने पुढे पॅराशूट बनवलं, नाव ‘गार्डियन एंजल’, आणि ते पहिल्या महायुद्धात वापरलं गेलं. ‘बार्शीची रेल्वे आणि पॅराशूट यांना जोडणारा माणूस कोण?’ असं आलं तर सभागृहात तुझ्याशिवाय हात वर होणार नाही.

कालका–शिमला पण ७६२ आहे, दार्जिलिंग आणि नेरळ–माथेरान ६१०. हे तिन्ही एकाच कार्डावर लिही, वेगळ्या कार्डांवर लिहिलेस तर गोंधळ होईल. आणि आईंना एवढंच सांग: रस्ता अरुंद केला, कारण पैसे कमी होते आणि माल जास्त होता.