द व्हिलेजेस : डेव्हलपरचा एजंट की बाहेरचा?
फ्लोरिडातल्या 'द व्हिलेजेस' या निवृत्तांच्या वसाहतीत आईवडिलांसाठी घर बघताना एकच चांगला एजंट धरा, असा सल्ला काही जण देतात. इतरत्र तो ठीक, इथे मला पटत नाही. नवी घरं फक्त डेव्हलपरची स्वतःची विक्री कंपनीच विकते. जुनी घरं दोन याद्यांत विभागलेली असतात: काही त्या कंपनीकडे, बाकीची एमएलएसवर, म्हणजे बाहेरच्या एजंटांच्या सामाईक यादीवर. एकीकडचा एजंट दुसरीकडची घरं सहसा दाखवत नाही. तेव्हा दोघांशी बोला आणि तसं दोघांनाही आधीच सांगून टाका. बाहेरचा एजंट घर दाखवण्याआधी लेखी करार पुढे करेल. ऑगस्ट २०२४ पासून तसा नियमच आहे. त्यातली मुदत आणि कमिशन नीट वाचा, मुदत कमी करून मागा.

खरी मेख बॉण्डमध्ये आहे. बॉण्ड म्हणजे रस्ते, ड्रेनेज वगैरेंच्या खर्चातला त्या घराचा वाटा, तो किमतीव्यतिरिक्त फेडावा लागतो. जुन्या घरांवरचा बऱ्याचदा फिटलेला असतो. त्यामुळे सारख्या किमतीच्या दोन घरांत हजारो डॉलरचा फरक पडतो. बॉण्डची शिल्लक न विचारता सांगणारा एजंट मी डोळे झाकून निवडेन, मग तो कुठल्याही बाजूचा असो.