बी विंग (फक्त महत्त्वाच्या सूचना)

नाईक काकू ३०२: टाकी धुणाऱ्यांनी काल गच्चीवर नेटची वायर तोडली. तोडली ती तोडली, कोणी एका शब्दानं सांगितलं नाही. तन्वी एमएस्सीच्या जीएटी-बी प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरत होती, शेवटचा दिवस. फोटो अपलोड होता होता सगळं बंद. साडेदहाला हॉटस्पॉट घेऊन जिन्यात बसली पोर, कारण आमच्याकडे रेंज किती येते ते ग्रुपला माहीत आहे. डास फोडून काढत होते.

शिरोडकर सेक्रेटरी: काकू, नोटीस ४ दिवस लिफ्टजवळ होती.

नाईक काकू ३०२: वायर तोडणार असं नव्हतं लिहिलेलं.

फर्नांडिस आंटी १०३: शिरोडकर, पाणी कधी? अजून ना.

सावंत काका ४०१: तन्वी त्या बायोइन्फॉर्मॅटिक्सला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या बायोलॉजीला, जाणार म्हणत होती ना? बारावीला गणित होतं का?

प्रभुदेसाई वहिनी २०१: जीएटी-बी तर बायोटेकची ना? बायोइन्फॉर्मॅटिक्सचा काय संबंध?

नाईक काकू ३०२: तेच कोणी धड सांगत नाही. पणजीत एका क्लासवाल्यानं ‘मार्गदर्शन’ म्हणून पाच हजार घेतले आणि एक झेरॉक्स दिली. मंदारला विचारा, तो त्यातलाच आहे.

शिरोडकर सेक्रेटरी: पाणी ११ पर्यंत.

मंदार ४०३ (बंगळूर): काकू, ऑफिसमध्ये आहे, थोडक्यात सांगतो. जीएटी-बी ही डीबीटीच्या, म्हणजे केंद्राच्या बायोटेक खात्याच्या, मदतीनं चालणाऱ्या बायोटेक आणि त्याच्या जवळच्या कोर्सेसची. आपल्या ताळगावच्या विद्यापीठातलं मरीन बायोटेक त्यातच येतं. निव्वळ बायोइन्फॉर्मॅटिक्स हवं तर तेवढ्यावर बसू नका. पाँडिचेरी केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथे सीयूईटी-पीजी ही वेगळी प्रवेश परीक्षा लागते. पुणे विद्यापीठाचं बायोइन्फॉर्मॅटिक्स सेंटर १९८७ पासूनचं, त्यांची प्रवेशाची पद्धत वेगळी. बीएस्सीला ५५ टक्के बऱ्याच ठिकाणी मागतात, राखीवला ५०. झूलॉजी चालतं. कॉम्प्युटर किंवा फिजिक्सवालेही येतात, आमच्या वर्गात होते. ते पेशीच्या नावानं रडायचे, आम्ही कोडच्या.

सावंत काका ४०१: बारावीला गणित होतं का?

गावडे २-४: मंदार, तू नक्की करतोस काय रे? आई म्हणते लॅबमध्ये, तू तर कायम घरी दिसतोस.

मंदार ४०३ (बंगळूर): काळी खिडकी उघडून कमांड मारतो. लॅबमधल्या पिपेटला हात लावून चार वर्षं झाली.

प्रभुदेसाई वहिनी २०१: तन्वीला एक्सेल छान येतं, आमच्या गणपतीचा हिशेब तिनंच केला.

मंदार ४०३ (बंगळूर): वहिनी, एक्सेल १०,४८,५७६ ओळींवर संपतं. माणसाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, साधारण ३०० कोटी अक्षरांचा. शिवाय एक्सेल जनुकांच्या नावांच्या तारखा करतं. मार्च१ नावाचं जनुक होतं, त्याचं १ मार्च व्हायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. तिला पायथन आणि आर या कोडिंगच्या भाषा, लिनक्स आणि संख्याशास्त्र करायला सांगा. ‘रोझलिंड’ ही साइट फुकट आहे, डीएनएवरची गणितं सोडवत पायथन येतं. पाच हजार नाही लागत.

गावडे २-४: म्हणून मेंटेनन्सच्या शीटमध्ये माझा फ्लॅट २ एप्रिल होतो आणि माझी बाकी दिसते!! शिरोडकर???

शिरोडकर सेक्रेटरी: तुमची बाकी खरीच आहे.

फर्नांडिस आंटी १०३: 😂 पाणी पण सोड.

गावडे २-४: मंदार, परवा इसवण म्हणून काहीतरी भलतंच दिलं मासळीवालीनं. डीएनएनं कळेल?

मंदार ४०३ (बंगळूर): कळेल की. सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा, ब्लास्ट नावाच्या डीएनए जुळवून बघणाऱ्या टूलमध्ये टाकायचा, कुठला मासा ते समोर येतं. तळलेल्यातूनही कधी कधी जमतं.

प्रभुदेसाई वहिनी २०१: इसवणाचं नंतर बघा. आधी डक्टमध्ये खवलं कोण टाकतं ते शोधा. नावं घेत नाही.

गावडे २-४: वहिनी, घ्या की.

सावंत काका ४०१: बारावीला गणित होतं का?

प्रभुदेसाई वहिनी २०१: माझा भाचा जर्मनीत आहे. तिथे फीच नाही. कशाला या परीक्षा.

मंदार ४०३ (बंगळूर): सगळीकडे नाही वहिनी. ट्युबिंगेन विद्यापीठ ज्या राज्यात आहे तिथे युरोपबाहेरच्यांना दर सेमिस्टर १५०० युरो. त्याशिवाय कागदपत्रं तपासल्याचं एपीएस सर्टिफिकेट, आणि राहण्याच्या खर्चाचे म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच ठेवायचे वर्षाचे ११,९०४ युरो. आणि बायोइन्फॉर्मॅटिक्सला ते बीएस्सीचे क्रेडिट मोजतात, गणिताचे किती, प्रोग्रॅमिंगचे किती. नुसत्या झूलॉजीवाल्यांचं बहुतेक तिथेच अडतं.

प्रभुदेसाई वहिनी २०१: मी आपलं सुचवलं. चांगलं सांगायचं नाही हल्ली.

सावंत काका ४०१: बारावीला गणित होतं का?

गावडे २-४: काका, रेकॉर्ड अडकली का?

सावंत काका ४०१: हसा. माझ्या नातवानं फॉर्म भरला, पैसे भरले, परीक्षा दिली, आणि कागद तपासताना म्हणाले बारावीला गणित नाही, घरी जा. माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात होतं. म्हणून विचारतोय. होतं का?

मंदार ४०३ (बंगळूर): काकांचा मुद्दा बरोबर आहे. काही ठिकाणी अट असते, काही ठिकाणी नसते. प्रत्येकाचं माहितीपत्रक वेगळं, ती ओळ आधी शोधायची. आणि जीएटी-बीच्या अ भागात बारावीचे ६० प्रश्न, त्यात गणितही येतं, सगळे सक्तीचे. पण तिथे प्रश्नाला १ गुण. ब भागात १०० पैकी ६० सोडवायचे, प्रत्येकी ३. म्हणजे २४० पैकी १८० तिथेच. त्या भागात चुकलं की १ कापतात, ठोकून द्यायचं नाही.

नाईक काकू ३०२: नव्हतं.

नाईक काकू ३०२: अकरावीला घ्यायचं म्हणत होती. याच ग्रुपवर एकानं सांगितलं, ‘बायोला जाणाऱ्या मुलीला गणित कशाला, उगाच टक्के पडतील.’ मी ऐकलं.

गावडे २-४: कोणी?

नाईक काकू ३०२: जुने मेसेज आहेत माझ्याकडे. ४०१.

शिरोडकर सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक विषय ग्रुपवर नकोत. वायरचा माणूस ४ वाजता येतोय.

सावंत काका ४०१: तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

सावंत काका ४०१: हा मेसेज डिलीट केला आहे.

फर्नांडिस आंटी १०३: उदक आयलें! देव बरें करूं.

नाईक काकू ३०२: काय होतं डिलीट केलेलं? मी बादल्या लावत होते.

गावडे २-४: तन्वीला रोज सहा वाजता वर पाठवा, प्रॉबॅबिलिटी आणि मॅट्रिक्स करून घेतो, असं होतं. डिलीट का केलं काय माहीत.

सावंत काका ४०१: वेळ चुकली होती. साडेसहा.