घरात आवाज तुटतो आणि तक्रार मात्र ‘निकाली’

प्रश्न: काही आठवड्यांपासून घरातून फोन केला की समोरच्याचा आवाज मध्येच तुटतो आणि जिन्यात येऊन उभे राहिले की तोच संवाद सुरळीत चालतो. सेवा कंपनीकडे तक्रार नोंदवली, परंतु कोणीही संपर्क न साधता ती निकाली काढल्याचा संदेश आला, याचा मनस्वी संताप आहे. दोष हँडसेटचा की नेटवर्कचा, हे कसे ओळखावे?

उत्तर १: आपले सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घालून त्याच खोलीतून बोलून पाहावे, तिथेही आवाज तुटला तर हँडसेटवरचा संशय बहुतांशी फिटतो. पडद्यावरच्या दांड्यांवर मात्र विसंबू नये, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक उत्पादक आपल्या पद्धतीने ठरवतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये, सिमच्या माहितीखाली, सिग्नलची तीव्रता बहुधा डीबीएम (dBm) या सिग्नल मोजण्याच्या एककात दिलेली असते. फोर-जीवर ती उणे ९० च्या आसपास असल्यास चांगली आणि उणे ११५ च्या जवळ असल्यास फारच क्षीण समजावी.

उत्तर २: जास्त वारंवारतेच्या लहरी भिंतींतून कमी आत शिरतात, त्यामुळे जिन्यातला फरक स्वाभाविक वाटतो. कंपनी वाय-फाय कॉलिंग, म्हणजे घरातल्या वाय-फायवरून फोन करण्याची सोय, देत असेल तर तूर्त ते सुरू करावे.

उत्तर ३: तरीही तक्रार सोडू नये. खोली, वेळ आणि डीबीएमचा आकडा लिहून, जुन्या तक्रारीच्या क्रमांकासह ती लेखी स्वरूपात पुन्हा उघडण्यास सांगावे आणि कोणत्या तपासणीच्या आधारे ती बंद केली, हे स्पष्ट शब्दांत विचारावे.