साठच्या दशकातील ब्रिटिश पॉप अल्बम चार्टच्या क्रमाने ऐकावेत का?

तबकडी
साठच्या दशकातील ब्रिटिश पॉपकडे वळणारा श्रोता आज बहुधा समीक्षकांनी पुढे केलेल्या 'सर्वोत्कृष्ट' याद्यांपासून सुरुवात करतो. माझे मत असे की, त्याऐवजी 'रेकॉर्ड रिटेलर' या व्यापारी साप्ताहिकाचा त्या वेळचा अल्बम चार्ट, म्हणजे खपानुसार लावलेली क्रमवारी, समोर ठेवावा आणि पहिल्या क्रमांकावर पोचलेले अल्बम ओळीने, दोन्ही बाजू पूर्ण ऐकावेत. मे 1963 मध्ये बीटल्सचा 'प्लीज प्लीज मी' अव्वल ठरला आणि 30 आठवडे तेथेच राहिला. त्याची जागा घेतली ती त्यांच्याच 'विथ द बीटल्स'ने, आणखी 21 आठवड्यांसाठी. पहिल्या अल्बमच्या 14 गाण्यांपैकी 10 गाणी 11 फेब्रुवारी 1963 या एकाच दिवशी मुद्रित झाली, आणि सर्वांत शेवटी घेतलेल्या 'ट्विस्ट अँड शाउट'मध्ये सर्दीने बसलेला जॉन लेननचा गळा अक्षरशः फाटताना ऐकू येतो. वर्षभर हे कानात मुरल्यावर मे 1964 मध्ये रोलिंग स्टोन्सचा पहिला अल्बम लावावा. मुखपृष्ठावर ना गटाचे नाव, ना अल्बमचे; आत बहुतेक अमेरिकन ब्लूज आणि रिदम अँड ब्लूजची गाणी. एका पिढीची आवड कशी सरकली, हे क्रम सोडून ऐकणाऱ्याला कधीच जाणवणार नाही.

रानवाट
आपला मुद्दा मला मान्य नाही. चार्टवरून कान किती होते ते कळत नाही, कोणाच्या खिशात पैसे होते ते कळते. त्या काळी ब्रिटनमध्ये एलपीला, म्हणजे पूर्ण अल्बमच्या मोठ्या तबकडीला, तीस शिलिंगांच्या आसपास मोजावे लागत आणि सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी तबकडी, सहा-सात शिलिंगांत मिळे. त्यामुळे शाळकरी मुले-मुली सिंगल घेत आणि एलपी प्रामुख्याने घरातील मोठी माणसे घेत. म्हणूनच 'द साउंड ऑफ म्युझिक' या चित्रपटाची तबकडी 1965 पासून एकूण 70 आठवडे अव्वल राहिली, आणि 1967 मध्ये बीटल्सचा 'सार्जंट पेपर' निघाल्यानंतरच्या हिवाळ्यात व्हॅल डूनिकन हा झुलत्या खुर्चीत बसून गाणारा सौम्य आयरिश गायक पहिल्या क्रमांकावर पोचला. या गाण्यांबद्दल मला आकस नाही, पण ती ऐकून त्या दशकातील पॉपची वाट सापडत नाही.

याहून मोठी हानी वगळलेल्यांची आहे. किंक्स या गटाचा 'विलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' 22 नोव्हेंबर 1968 रोजी, म्हणजे बीटल्सच्या पांढऱ्या मुखपृष्ठाच्या दुहेरी अल्बमच्याच दिवशी, प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश चार्टमध्ये आलाच नाही. त्याच वर्षी झॉम्बीज या गटाचा 'ओडेसी अँड ओरॅकल' निघाला तेव्हा गट आधीच फुटला होता. तोही चार्टबाहेरच राहिला. त्यातील 'अ रोझ फॉर एमिली' एकदा शांतपणे ऐका: केवळ पियानो आणि एकावर एक रचलेले आवाज, ड्रम नाहीत. आपल्या पद्धतीने चालणारा श्रोता या गाण्यापर्यंत पोचणारच नाही.

तबकडी
@रानवाट, वगळलेले अल्बम ऐकूच नयेत असे मी म्हटलेले नाही. ते नंतर ऐकावेत, इतकेच. किंक्सच्या त्या अल्बममधली गावाकडची ओढ कोणत्या गदारोळात बुडाली हे ठाऊक असले, तरच तिचे वेगळेपण कळते.

सावनी
तुम्ही दोघेही अल्बमभोवतीच फिरत आहात, आणि माझा आक्षेप तेथेच आहे. सिंगलवर घेतलेले गाणे अल्बममध्ये पुन्हा विकू नये, अशी प्रथा ब्रिटनमध्ये बरीच पाळली जाई. बीटल्सचा 'रबर सोल' 3 डिसेंबर 1965 रोजी आला, त्याच दिवशी 'डे ट्रिपर' आणि 'वी कॅन वर्क इट आउट' ही सिंगल निघाली. दोन्ही गाणी अल्बमवर नाहीत. म्हणजे केवळ अल्बमच्या चार्टने गेल्यास त्या आठवड्याचे निम्मे संगीत हातून सुटते. शिवाय शक्य तेथे मोनो, म्हणजे सगळे आवाज एकत्र मिसळलेली, आवृत्तीच ऐकावी. 'प्लीज प्लीज मी'च्या स्टिरिओ तबकडीत वाद्ये एका कानात आणि गाणारे दुसऱ्या कानात पडतात, कारण मूळ मुद्रण दोनच ट्रॅकवर झाले होते आणि ते एकत्र मिसळण्यासाठीच केले होते.

रानवाट
@सावनी, मोनोच्या बाबतीत पूर्ण सहमत. सिंगलचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे.

मध्यलय
मी तबकडी यांच्या बाजूने एक उदाहरण देतो. बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' 1966 मध्ये सात आठवडे अव्वल होता, आणि त्यावरील 'लव्ह यू टू'मध्ये अनिल भागवत यांचा तबला आहे. मागच्या मुखपृष्ठावर त्यांचे नावही छापलेले आहे. आरंभी सतार लयीविना, आलापासारखी उलगडते आणि मग तबला ठेका धरतो. ज्या ब्रिटिश घरात शेजारी 'द साउंड ऑफ म्युझिक'ची तबकडी ठेवलेली असेल, त्याच घरात हा ठेका पोचला तो अल्बम चार्टवर अव्वल असल्यामुळेच. या ठेक्याचे त्या घरांतले नवेपण जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्या आगेमागे अव्वल असलेले अल्बमही ऐकावे लागतील, कंटाळवाणे वाटले तरीही.