कोडच्या वळणावरून चोर धरता येतो का?

घोडबंदरी
माझा भाचा ऐरोलीत एका कंपनीत (नाव देत नाही, प्रकरण चालू आहे) बिलिंगच्या प्रोग्रामवर काम करायचा. त्यात आठ ओळी सापडल्या. बिलाची रक्कम पूर्ण रुपयांत करताना उरणारी चिल्लर त्या ओळी गुपचूप एका भलत्याच खात्यात टाकत होत्या. चौकशी समितीने भाच्याला धरलं. कारणं दोन: कमिटवर (कोडमधल्या बदलाच्या नोंदीवर) त्याचं नाव, आणि म्हणे 'लिहिण्याची ढब त्याचीच'. ढब म्हणजे काय, तर तो महिरपी कंस नव्या ओळीवर उघडतो आणि व्हेरिएबलला 'तात्पुरता' असली मराठी नावं देतो. अहो, नव्या ओळीवर कंस तर अर्धी ऐरोली उघडते!
माझं स्पष्ट मत: कोडचं वळण ओळखणं हे हात बघून भविष्य सांगण्यातलं आहे. कोर्टाने ते दाराबाहेरच ठेवावं.

महापेचा_किडा
असहमत, आणि जोरात. हे भविष्य नव्हे, जुनं शास्त्र आहे. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म (इंटरनेटवर आपोआप पसरणारा प्रोग्राम) सुटला तेव्हा पर्ड्यू विद्यापीठाच्या यूजीन स्पॅफर्ड यांनी तो उलगडून वाचला. पासवर्ड कूटबद्ध करणारा भाग बाकी कोडपेक्षा कितीतरी सफाईदार आहे, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या हातचा असावा, ही नोंद त्यांचीच. कोडवरून लिहिणाऱ्यापर्यंत पोचता येईल का, हा प्रश्न त्यांनी स्टीफन वीबर यांच्याबरोबर १९९३ मध्येच मांडला. २०१५ मध्ये आयलिन कॅलिस्कन आणि सहकाऱ्यांनी गूगल कोड जॅम या कोडिंग स्पर्धेतले १६०० जण घेतले आणि ९४ टक्के वेळा लेखक बरोबर ओळखला. तेही नुसते कंस मोजून नाही. कोडची व्याकरणाच्या झाडासारखी मांडणी करून, फांद्या कशा फुटतात ते बघून. कंस फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन) बदलतो, विचार करायची सवय बदलत नाही.

विटाव्यावरून
किडाभाऊ, त्या १६०० जणांत खरा लेखक असणार हे आधीच ठरलेलं होतं, आणि प्रत्येकाने एकट्याने लिहिलं होतं. आमच्या ऑफिसात एका फंक्शनवर चार हात फिरतात, पाचवा नेटवरून उचलून चिकटवतो, आणि आता सहावा एआय. त्यात कुणाचं वळण शोधणार?
कमिटवरच्या नावाचं तर बोलूच नका. गिटमध्ये (या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीत) नाव आणि तारीख आपणच लिहितो. मी आत्ता बसल्या जागी तुमच्या नावाने परवाच्या तारखेचं कमिट करून दाखवतो. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसं.

महापेचा_किडा
नाव खोटं घालता येतं, मान्य. म्हणून तर कोड वाचायचा! आपल्या दारातलं उदाहरण घ्या. २७ जून २०१७, नॉटपेट्या नावाचा घातकी प्रोग्राम. जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प. स्क्रीनवर खंडणीची मागणी. पण कोड वाचल्यावर कळलं, की समोर दिसणारा 'ओळख क्रमांक' नुसताच अंदाधुंद तयार केलेला आहे, फाइली उघडायच्या किल्लीशी त्याचा काही संबंध नाही. पैसे भरले तरी फाइली सुटणारच नव्हत्या. म्हणजे हेतू खंडणीचा नव्हता, नासधुशीचा होता. हे कुठल्या साक्षीदाराने सांगितलं? कोडनेच ना?

घोडबंदरी
हेतू सांगितला. हात सांगितला का?

विटाव्यावरून
+१. आणि २०१८ च्या प्याँगचांग ऑलिम्पिकचं काय? तिथे सोडलेल्या ऑलिम्पिक डिस्ट्रॉयर या घातकी प्रोग्राममध्ये फाइलच्या डोक्याशी, ती कुठल्या हत्यारांनी बांधली हे सांगणारी नोंद होती आणि ती थेट उत्तर कोरियाच्या लाझारस या हॅकर टोळीकडे बोट दाखवत होती. ती नोंद मुद्दाम डकवलेली निघाली. २०२० मध्ये अमेरिकेने आरोप ठेवले ते रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातल्या सहा जणांवर. नॉटपेट्याही त्याच आरोपपत्रात आहे.

महापेचा_किडा
खोटेपणा पकडला कसा? ती नोंद आणि आतला कोड जुळत नव्हते म्हणून. कोड वाचूनच! तुम्ही माझीच बाजू मांडताय.

पारसिक_बोगदा
तुम्ही दोघं फिर्यादीच्या बाजूनेच बघताय. आरोपीला कोड बघायला मिळतो का, हा माझ्या मते मोठा प्रश्न. ब्रिटनमध्ये पोस्टाच्या होरायझन या हिशेबाच्या प्रणालीच्या आकड्यांवरून ९०० हून अधिक पोस्टचालकांना चोर ठरवलं. २०१९ च्या निकालात कोर्टाने मान्य केलं, की दोष प्रणालीतच होते. कॉम्प्युटर म्हणाला म्हणजे खरं, हे गृहीत धरलं की माणसं तुरुंगात जातात.
अवांतर: धाग्याचा काश्मीर होणार असं दिसतंय.

कोर्टनाका
ठाण्यात वकिली करतो, म्हणून राहवत नाही. आपण सगळे वळणावर भांडताय. मी ज्या केसेस पडताना पाहिल्या त्या मुद्देमालावर पडल्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राचे दोन भाग, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश (फाइलचा बोटाच्या ठशासारखा आकडा, फाइल जराही बदलली की तो बदलतो) लिहावाच लागतो. प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये जालन्याच्या खोतकर प्रकरणातच सांगितलं होतं, जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब खाली. वळणाबद्दल तज्ज्ञाला बोलवा की, पण ते मत असतं. उलटतपासणीत मी त्याला एवढंच विचारीन: संशयितांत आणखी कुणाचा कोड तपासलात? बहुतेक वेळा उत्तर 'कुणाचाच नाही'.
माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६५ लावलंय का? सोर्स कोडशी छेडछाड, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ते कायद्याने जपायलाच हव्या अशा कोडचं कलम आहे. बिलिंगच्या कोडला लागतं का, यावर भांडायला जागा आहे.

घोडबंदरी
लावलंय. साहेब, लॅपटॉप पोलिसांनी नेला. पंचनाम्यात हॅश नाही. 'काळ्या रंगाचा लॅपटॉप, चार्जरसह, बॅगेची चेन तुटलेली' एवढंच.

कोर्टनाका
आणि त्याआधी तो कुठे होता?

घोडबंदरी
अकरा दिवस कंपनीत, एचआरच्या कपाटात.

महापेचा_किडा
कमिटवरच्या नावाचं सोडा, सर्व्हरचे पुश लॉग कुठेत? कुठल्या आयडीने, कुठल्या मशीनवरून, किती वाजता पाठवलं हे त्यात सापडतं. भाचा त्या वेळी लोकलमध्ये असेल तर तिथेच निकाल लागेल. यावर तरी विटाव्यावरून माझ्याशी सहमत असतील.

विटाव्यावरून
नाइलाजाने.

घोडबंदरी
लॉग नव्वद दिवसांनी आपोआप पुसले जातात असं भाचा म्हणतो. आज त्र्याऐंशीवा दिवस.

कोर्टनाका
मग इथे टंकत काय बसलात? उद्या सकाळी साडेदहाला भाच्याला घेऊन या. लॉग जपून ठेवा अशी नोटीस कंपनीला आधी जाऊ दे, कंस नंतर मोजू.